दुकानातला हो

...नाही, मला एक सांगा, ज्या माणसाच्या दुकानात तीन-तीन खुर्च्या आहेत, वर-खाली होणाऱ्या, मागे रेलणाऱ्या, मानेला उशी असलेल्या, त्या माणसाला एकतीस वर्षांत त्यातल्या एकीवरही धड टेकता येऊ नये, याला काय म्हणायचं? गिऱ्हाईक बसतं, मी उभा. गिऱ्हाईक रेलतं, झोपतं, चक्क घोरतं, मी उभा! आणि तेच बसलेलं गिऱ्हाईक आरशातून माझ्याकडे बघत म्हणणार, "काका, पायाला जरा आराम देत जा हो." अरे, मग ऊठ ना तू! ...हे मनात हं. तोंडाने मी काय म्हणालो? "हो ना साहेब, अगदी बरोबर!"

तुम्हाला सांगतो, हा 'हो ना' आमच्या धंद्यातलं हत्यार आहे. कात्री, कंगवा, वस्तरा आणि 'हो ना'. माणूस कटिंगला येतो तो निम्मा केसांसाठी आणि निम्मा आपलं म्हणणं कुणीतरी मुकाट्याने ऐकावं म्हणून. सकाळी एक जण म्हणतो, पोरांना मोकळीक द्या, मी म्हणतो हो ना. त्याचा फेस पुसतोय तोवर दुसरा बसतो आणि म्हणतो, पोरांना मोकळीक दिली की वाया जातात, मी म्हणतो अगदी बरोबर! आता ज्याच्या गळ्यावर आपण वस्तरा धरलाय त्याच्याशी वाद घालणं बरं दिसतं का? तो बिचारा मान तरी हलवू शकतो का?

पण हा पाय... हा उजवा. पोटरीवर शिरा अशा वर आल्या होत्या की नातीने विचारलं, "आजोबा, यावर कुणी रेघोट्या मारल्या?" पुढे एक दिवस पोटरी लाल झाली, तापली, दगडासारखी घट्ट. डॉक्टर म्हणाल्या, रक्ताची गुठळी. रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या आणि ते घट्ट मोजे. ते मोजे! एक मोजा चढवायला दोन माणसं लागतात हो. मी पलंगावर उताणा, बायको पायाशी, ती ओढतेय, मी कण्हतोय, रोज सकाळी... शेजाऱ्यांना वाटत असेल, यांच्याकडे मारामारी चालते.

दुकानात लंगडताना दिसलो, झालं! सल्ल्यांची नुसती रीघ. हेडमास्तर म्हणाले, गरम पाण्याने शेका. हो ना. व्यायामशाळेवाले म्हणाले, गरम? वेडे आहात का, बर्फ लावा बर्फ! अगदी बरोबर. विमावाले म्हणाले, लसूण. लसूण खायचा की लावायचा तेवढं विचारायचं राहिलं, म्हणून मी दोन्ही केलं, दोन दिवस गिऱ्हाईक फिरकलं नाही! आणि बँकेतले साहेब, बावीस वर्षांचं गिऱ्हाईक, दर रविवारी सकाळी नऊला दाढी, ते म्हणाले, "काका, जगाची डोकी चोळून देता, स्वतःची पोटरी नाही चोळता येत?" आणि मी काय म्हणालो? हो ना! नुसता म्हणालो नाही, चोळली. तेल लावून, अंगठ्याने दाबून, आठवडाभर.

डॉक्टरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चोळलंत? गुठळी असलेला पाय चोळलात? कुणी सांगितलं?" आता कुणाकुणाची नावं सांगू? सल्ला देणाऱ्यांच्या नावांची पाटीच दुकानाच्या दारावर लावली असती तर सोपं गेलं असतं. मध्ये आणखी एक होऊन गेली होती, दोन वर्षांत ही तिसरी गुठळी होती. बाईंनी कागदावर पाय काढला, आत शीर काढली. "काका, या शिरेतल्या झडपा निकामी झाल्यात. रक्त वर चढायच्या ऐवजी खाली साचतं, साचतं आणि गोठतं. ही गुठळी विरली की ही शीर आपण लेझरने आतून बंद करून टाकू. नाहीतर चौथी होईल. एखादी गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तर मला भेटायला तुम्ही येणार नाही, तुमच्या घरचे येतील. मग, तीन महिन्यांनी, मंगळवार? कळलं ना सगळं?"

आणि मी काय म्हणालो? "हो ना, अगदी बरोबर!"

खाली उतरताना बायको जिन्यात थांबली. "अहो, हा 'हो' कुठला? दुकानातला की घरातला?"

मी कठडा धरून खाली उतरत राहिलो. कारण खरं सांगतो, मला काही कळलंच नव्हतं! माझ्या पोटात एकच प्रश्न अडकून बसला होता. शीर बंद केली, तर रक्त जाणार कुठून? सोपा प्रश्न, पोरगंसुद्धा विचारील. पण एकतीस वर्षं दुसऱ्याचं ऐकून घेणाऱ्या माणसाने विचारायचं कसं? मग काय, मंगळवार आला, म्हणालो लग्नसराई आहे. पुढचा आला, म्हणालो नळाचं काम काढलंय. बायको बोलेना. मोजा तेवढा ओढायची, जरा जास्तच जोरात.

आणि मग तो रविवार. बँकेतले साहेब खुर्चीत, गाल ताणलेला, वस्तऱ्याचा खालून वर उलटा हात मारतोय, आणि पोटरीतून अशी कळ आली... इथून इथवर! हात हलला. एवढासाच. पण कानाखाली रक्त! एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हाताने माणूस कापला. मी तुरटी लावतोय, आणि साहेब म्हणतात, "काही नाही हो काका, चालायचंच, चालायचंच!" हसले, पाठ थोपटली, गेले.

पुढच्या रविवारी नऊ वाजले. सव्वानऊ झाले. साहेब समोरच्या फुटपाथवरून गेले, गुळगुळीत दाढी करून... दुसरीकडून! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो 'चालायचंच' म्हणजे त्यांचा दुकानातला हो होता! असला राग आला, असला राग आला म्हणून सांगू... त्यांचा नाही हो. माझा! आयुष्यभर मी गिऱ्हाइकांना हेच वाटत आलो, आणि स्वतःच्या जिवाच्या बाबतीतही तेच करत बसलो!

शटर ओढलं आणि तसाच डॉक्टरबाईंकडे गेलो. बायको घरातून मागोमाग धावत. तपासण्या झाल्या, परत मंगळवार मिळाला, आणि त्या दिवशी सहीचा कागद समोर आला. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काका, कळलं ना सगळं?"

बायको माझ्या तोंडाकडे बघतेय. 'हो ना' जिभेवर तयार, नेहमीचा, गुळगुळीत... आणि मी म्हणालो, "नाही."

बाई थबकल्या. मीच घाबरलो! म्हटलं, "नाही कळलं. शीर बंद केली, तर रक्त जाणार कुठून?"

बाईंनी पेन ठेवलं. स्टूल ओढून समोर बसल्या. "बाकीच्या चांगल्या शिरांमधून, काका. ही शीर आता रक्त वर नेतच नाही, नुसतं साठवून ठेवते, बंद केली की ते चांगल्या रस्त्याने जाईल." बस्स. एवढंच! दोन वाक्यं! दोन वर्षं, तीन गुठळ्या, लसूण, बर्फ, तेल... आणि उत्तर दोन वाक्यांचं! मी सही केली. बायकोकडे बघून म्हटलं, "हो. घरातला." तिने पदराने डोळे पुसले आणि वर म्हणाली, "इतके महिने लावलेत."

झालं की नाही सगळं नीट? मलाही वाटलं, आता सुधारलो मी.

तेवढ्यात वॉर्डातले मदतनीस मामा आले. पन्नाशीचे, हातात एक वस्तरा, तो वस्तरा म्हणायचा म्हणून, प्लास्टिकचा. "काका, पायाचे केस काढायचेत." ना फेस, ना पाणी, कोरड्यावर! कातडी ताणायची नाही, हात थेट उलटा, गुडघ्यापाशी वळण घ्यायचं तर सरळ! चार ठिकाणी कापलं, त्यात माझं रक्त गोळ्यांनी पातळ झालेलं, चादर लाल! एकतीस वर्षं ज्याने वस्तरा चालवला तो माणूस उताणा पडून हे बघतोय, दात-ओठ खातोय... आणि मामांनी वर बघून विचारलं, "काय काका, जमलं ना झकास?"

आणि मी काय म्हणालो?

"हो ना मामा... अगदी बरोबर!"