रोज जुळणारा रंग

वडील : नीट बघ. हा स्क्रीनवरचा केशरी आणि हा मी छापलेल्या नमुन्याच्या कागदावरचा. सापडतोय का फरक?

लेक : बाबा, जरा थांबा.

वडील : कशाला थांबू? पस्तीस वर्षं शाईत हात काळे केले, आता पोरीची परवानगी घेऊन मशीन चालवू? ताई, बोलवा गिऱ्हाइकाला आत. त्याच्या नाकासमोर सही ठोकतो आणि छपाई सुरू करतो.

मालकीणबाई : ते बाहेर चहा घेतायत, काका. दहा मिनिटं आहेत अजून.

लेक : तेवढ्यात मी एकदा तपासते.

वडील : तू काय तपासणार? बटणं दाबता येतात तुला, बास. रंगाला डोळा लागतो आणि तो काही शिकवून येत नाही. ताई, हिला तुम्ही कामावर घेतलंत ते माझ्या तोंडाकडे बघून, कळतं मला. हिच्या आईला मी रोज सांगतो, पोर कामाची आहे, पण डोळा दगडाचा.

मालकीणबाई : आता पुरे झालं. तू सांगतेस की मी सांगू?

लेक : नको ना, मॅडम. मी घरी गेल्यावर बोलते.

मालकीणबाई : तोवर माल निघून गेलेला असेल. गिऱ्हाईक समोर उभं राहून छापून घेणार आहे. आज तुला कागद बदलायला सवड मिळायची नाही.

वडील : कसला कागद? काय बदलायचंय?

मालकीणबाई : काका, ही गोळ्यांची खोकी आहेत. केशरी खोक्यात साधी गोळी, लाल खोक्यात दुप्पट ताकदीची. म्हातारी माणसं नाव वाचत बसत नाहीत, रंग बघून खोकं उचलतात. तुमच्या हातातला कागद लाल आहे.

वडील : काहीतरीच काय! स्क्रीनवर बघा की. अगदी तोच रंग आहे.

मालकीणबाई : स्क्रीनही लालच आहे. तुमच्या लेकीने तो तसा करून ठेवलाय.

वडील : म्हणजे?

मालकीणबाई : म्हणजे तुम्ही कागद स्क्रीनशी जुळवत नाही, ही पोरगी स्क्रीन तुमच्या कागदाशी जुळवते. दीड वर्ष हेच चाललंय. तुम्ही सही करून जेवायला गेलात की तुमचा कागद रद्दीत जातो. मग ही रंग मोजायच्या यंत्रावर सगळं नव्याने लावते आणि खरा माल निघतो. तुमच्या सहीचं एकही काम दीड वर्षात या दारातून बाहेर पडलेलं नाही.

वडील : साफ खोटं.

मालकीणबाई : मागच्या खोलीत गठ्ठे पडलेत. दाखवू?

वडील : तू सांग गं. खोटं बोलतायत ना या?

लेक : खरं आहे, बाबा.

वडील : माझी दया आली तुला?

लेक : नाही.

वडील : मग?

लेक : रंग जुळला की तुम्ही घरी येऊन गुमान जेवता. नाही जुळला की ताट भिंतीवर जातं आणि आईला नाही नाही ते ऐकून घ्यावं लागतं. मला त्या घरात राहायचं होतं. दया वगैरे काही नाही.

मालकीणबाई : मलाही तिने हात जोडले, म्हणून मी गप्प बसले. थोडा कागद वाया गेला, बाकी माझं काय बिघडत होतं?

वडील : गेल्या वर्षी मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो.

लेक : कधी? बोलला नाहीत ते.

वडील : काय बोलायचं? तो म्हणाला, तुम्हाला रंग कळेनासे होतायत. आत्ता इंजेक्शनं घेतलीत तर थांबेल, उशीर केलात तर माझ्या हातात काही नाही. चिठ्ठीही दिली लिहून. मी तडक इथे आलो आणि मुद्दाम अवघड काम मागून घेतलं. निळ्याच्या चार छटा होत्या. चारही जुळल्या. चिठ्ठी तिथेच फाडून टाकली. म्हटलं, कालचा पोरगा मला शिकवतो!

लेक : बाबा...

वडील : जुळल्या होत्या ना चारही?

लेक : मी जुळवल्या होत्या.

वडील : हं. आणि मी तुझा डोळा दगडाचा म्हणत होतो.

मालकीणबाई : काका, गिऱ्हाईक उठलं. तुम्ही मागच्या खोलीत बसा थोडा वेळ. आज सही ती करेल.

वडील : जातो, ताई. एकच मिनिट द्या. ए, तो स्क्रीन होता तसा कर. खरा केशरी लाव. मी कागद शेजारी धरतो. बघू दे एकदा, किती चुकलो ते.

लेक : कशाला बाबा, राहू दे.

वडील : लाव म्हणतो ना!

(बटणाचा आवाज. वडील कागद स्क्रीनच्या शेजारी धरून बघत राहतात.)

वडील : अगं, बसून काय राहिलीस? लाव की.

लेक : लावलाय, बाबा.