पाडलेल्या चुहचा दगड

सन्माननीय अध्यक्ष, गावप्रमुख तात मार्तीन; ज्यांच्या निरोपासाठी आज मारिंबा वाजला ते घरकुल योजनेचे इंजिनियर रोलान्दो साहेब; राजधानीहून आलेले पाहुणे; आमच्या सुईण नान एउलालिया; आणि खुर्च्या संपल्यामुळे भिंतीला टेकलेल्या माझ्या माम जमातीच्या बंधुभगिनींनो,

मी इथला शाळामास्तर. साहेबांविषयी गोड बोला, अशी मला तंबी आहे. बोलतो. साहेब मेहनती आहेत. झालं गोड.

चार वर्षांत साहेबांनी आमच्या डोंगरावर चाळीस घरकुलं उभी केली. सिमेंटच्या भिंती, वर पत्रा. गवंडी खालून आणले, त्यामुळे मजुरीही डोंगर उतरून गेली. पहाटे गारठ्याने पत्र्याला पाणी सुटतं आणि पांघरूण भिजतं. म्हणून शहाण्यांनी नव्या घरात मका ठेवला आणि स्वतः जुन्या घरात झोपले. मक्याला खोकला होत नाही.

तेही सोसलं. पण किल्ली हवी तर अंगणातलं ‘अनारोग्यकारक बांधकाम’ पाडा, ही अट कुणाच्या डोक्यातून निघाली? ते बांधकाम म्हणजे आमचा चुह. रांगत आत शिरायची मातीची बुटकी खोली. तापल्या दगडांवर पाणी टाकायचं आणि वाफेत बसायचं. बाळंतीण वीस दिवस तिथेच शेकते. तुमच्या दवाखान्याला शुक्रवारी कुलूप लागतं ते सोमवारी निघतं, चुहला दारच नाही.

साहेब, तुमचा पहिला हिवाळा आठवतो? छातीत कफ, अंगात ताप. नान एउलालियांनी तुम्हाला त्यांच्या चुहपाशी नेलं. तुम्ही सदऱ्याची बटणं धरून उभे. नान म्हणाल्या, “लाजतोस काय लेकरा? अर्धं गाव उघडंच माझ्या हातात आलंय.” तिसऱ्या दिवशी तुम्ही आमच्याबरोबर चढण चढलात. आणि पुढच्याच महिन्यात कुदळवाले घेऊन तोच चुह पाडायला आलात. कागदात आहे, माझा नाइलाज आहे, असं काहीसं पुटपुटलात. नान एवढंच म्हणाल्या, “हे रोगट, तर यातून बरा होऊन निघाला तो कोण होता?”

साहेबांनी कुदळवाल्यांना खूण केली. साहेब कामात होते.

पाडापाडीनंतर पहिली बाळंत झाली ती कातारिना, नानांची सून. सिमेंटच्या गारठ्यात पडून राहिली. सहाव्या दिवशी ताप चढला. शनिवार होता. चौघांनी तिला खुर्चीला बांधून, पाठीवर घेऊन डोंगर उतरवला. ती वाचली. मुलगी वाचली नाही. आणि त्याच वर्षीच्या अहवालात आमचं गाव ‘आरोग्यदायी’ ठरलं; भिंती मोजल्या होत्या ना.

कातारिना तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिचे पुन्हा दिवस भरत आलेत. मागच्या रविवारी आम्ही तिच्या अंगणात चुह बांधला. सोमवारी नोटीस आली: पाडा, नाहीतर घर परत घेऊ. साहेब, त्या नोटिशीवर सही तुमची आहे. सवयीने केली असेल, असं मी स्वतःला समजावतो आहे.

निरोपाला शाल देतात. आम्ही हा काळा दगड देतो आहोत. नानांच्या पाडलेल्या चुहमधला आहे. यानेच तुमची छाती शेकली. राजधानीत टेबलावर ठेवा, कागद उडणार नाहीत.

बस साडेचारला आहे, तोवर अधिकार तुमचाच. नोटीस मी सोबत आणली आहे. तिच्यावर एकच ओळ हवी: चुह हा घराचाच भाग आहे. नवे साहेब आमचं ऐकणार नाहीत, तुमचं अक्षर वाचतील.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि उभ्याने ऐकणाऱ्या सर्वांचे आभार. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर पोटात घाला. मास्तर आहे, चुका दाखवायची खोड जात नाही. नानांनी मक्याचं गरम आतोल केलं आहे, साहेबांच्या पेल्यात दालचिनी जास्त. त्या म्हणतात, आधी पी, मग सही कर. मी म्हणतो, आधी सही.

पेन हे घ्या.