चार बोटं आणि सोळा भाग

अध्यक्ष हंसाबेन, व्यासपीठावर बसलेले विश्वस्त, आज ज्यांना निरोप द्यायचा ते गुणवंत सर, आणि रविवारची दुपार मोडून मीरा रोडच्या या सभागृहात आलेले सर्व रुग्ण व त्यांचे नातेवाईक, सर्वांना नमस्कार.

मी ममता. आपल्या उपचार केंद्रात सात वर्षं सरांच्या हाताखाली सुया लावतेय. सोमवारपासून केंद्र माझ्याकडे येतंय. मघाशी जिन्यात हंसाबेननी मला थांबवलं. म्हणाल्या, "ममता, सारुं सारुं बोलजे." चांगलं चांगलं बोलायचा मी प्रयत्न करते.

मोरवा गावाच्या रस्त्यावर दोन खोल्या घेऊन सरांनी केंद्र सुरू केलं, तेव्हा ॲक्युपंक्चर हे काय असतं हे इथे कोणाला ठाऊक होतं? सुया टोचणारे डॉक्टर एवढीच ओळख. माझ्या पहिल्या दिवशी सरांनी भिंतीवरच्या चित्रात मला पोटाची रेषा दाखवली. ती डोळ्याखाली सुरू होते, छातीवरून, पोटावरून उतरते आणि पायाच्या दुसऱ्या बोटापाशी संपते. पंचेचाळीस बिंदू. त्यातला छत्तिसावा गुडघ्याखाली. त्याचं चिनी नाव 'पायाचे तीन ली'. ली म्हणजे तिकडचं अंतराचं माप. दमलेला माणूस इथे सुई घेतली की अजून तेवढं चालतो, असं सरांनी सांगितलं. मला ते फार आवडलं होतं.

बिंदू शोधायचा कसा? फूटपट्टीने नाही. रुग्णाचीच चार बोटं गुडघ्याच्या वाटीखाली आडवी ठेवायची. ज्याचा पाय, त्याची बोटं. सरांचा हा नियम मी शेकडो पायांवर पाळला.

मग जिजाबाई आल्या. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, कडेला. मोरव्याच्या. डोक्यावर पाटी घेऊन मीरा रोडच्या इमारतींतून मासळी विकायच्या. लिफ्ट नसलेल्या इमारती, चार मजले, ठरलेली घरं. उजवा पाय गुडघ्याखाली बधिर व्हायचा आणि दुसऱ्या मजल्यावर त्या खाली बसायच्या. त्यांचं मागणं एवढंच होतं की चार मजले चढता यावेत.

मी त्यांची बोटं ठेवली, सुई लावली. सुई बरोबर बसली की आत जडपणा येतो, झिणझिणी पायाच्या बोटांकडे जाते. त्याला आम्ही पकड म्हणतो. पकड आली नाही. जिजाबाई म्हणाल्या, "न्हाय गो, तिथं न्हाय. वरती हाय." मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "बिंदू रुग्णाने सांगायचा नसतो. मोज."

दोन महिने मी तिथेच मोजलं. दर खेपेला जिजाबाई म्हणायच्या, वरती हाय. शेवटी त्या बोलेनाशा झाल्या.

मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. बर्फ आणि मिठात तीस वर्षं घातलेले ते हात. पेरं फुगून जाड झालेली. पाय आखूड, काटकुळा. ती चार बोटं त्या पायाची राहिली नव्हती.

सर ज्यातून शिकवतात त्याच पुस्तकात, बोटांच्या रीतीच्या पुढच्याच पानावर दुसरी रीत आहे. गुडघ्याच्या खळगीपासून घोट्याच्या घडीपर्यंत सोळा भाग करायचे. बिंदू तिसऱ्यावर. एकदा सर आतल्या खोलीत असताना मी जिजाबाईंकडे दोरा मागितला. त्यांनी कनवटीचं जाळ्याचं सूत काढून दिलं. गुडघा ते घोटा मोजून ते चार वेळा निम्मं दुमडलं, सोळा भाग झाले. बिंदू अंगठाभर वर निघाला. सुई लावली. जिजाबाईंनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "हाय."

सुईने काय बरं होतं आणि काय आपोआप, हा वाद मी इथे काढत नाही. तीन आठवड्यांनी त्या चार मजले चढल्या. तोपर्यंत घरं दुसरीने धरली होती. गिऱ्हाईक दोन महिने थांबत नाही, आणि का थांबावं?

मी सरांना सूत दाखवलं. त्यांनी ते वापरलेल्या कापसाच्या डब्यात टाकलं. म्हणाले, "माझ्या केंद्रात बोटंच." आज तुमच्या प्रत्येकाच्या खुर्चीवर गौरव पुस्तिका आहे. पान सात पाहा. जिजाबाईंचं नाव आहे, 'तीन महिन्यांत पूर्ण आराम', आणि रीत लिहिली आहे: चार बोटं. हंसाबेन, मला ठाऊक आहे, पाच मिनिटं झाली. संपवते.

सर, गेल्या आठवड्यात तुमचा गुडघा दुखत होता. तुम्ही टेबलावर झोपलात आणि न सांगता हात पुढे केलात. मी तुमची चार बोटं ठेवली, खूण केली. मग तुम्ही डोळे मिटल्यावर सुताने मोजलं. दोन्ही खुणा एकाच जागी आल्या. केसाचाही फरक नव्हता. तुम्ही खोटं शिकवत नव्हता, सर. तुमच्या हाताला ते कायम खरंच होतं.

सोमवारपासून सुयांच्या ट्रेमध्ये सूत राहील. डब्यातून काढून मी ते उकळून ठेवलंय.

विश्वस्तांचे आभार. सर, तुमचे आभार, शिकवलंत त्या सगळ्याबद्दल. या प्रसंगाला न शोभणारं काही बोलले असेन तर सभेने पोटात घालावं. त्या दोन महिन्यांची माफी मात्र सभेकडे नाही, जिजाबाईंकडे मागायची आहे. ती मी इथे उभी राहून मागते. मावशी, सुई माझ्या हातात होती.