माळावरची हिरवी रेघ

टँकरच्या रांगेत शिंपीणबाई बादली घेऊन चुळबुळत होत्या. मागचं बोलणं कानावर पडत होतं.

"आत्या, उपग्रहाच्या फोटोत कोरड्या माळावर झाडांची सरळ हिरवी रेघ दिसली. खडकात पाण्याची भेग असली की तसंच दिसतं."

"मग बोअर मारलीत?"

"मारली. असं पाणी उसळलं की लोकांनी मला डोक्यावर घेतलं."

"आणि नळ कोरडे पडले ते?"

"त्याच दिवसापासून. ती भेग नव्हती गं. आपली गळकी पाइपलाइन होती. आम्ही तिलाच भोक पाडलं."

"कर्म माझं. लोकांना कळलंय?"

"अजून नाही. हळू बोल ना."

शिंपीणबाई मागे वळल्या.

"आत्याबाई, तुम्ही माझ्या पुढे या. भाच्याला जाऊ द्या रांगेच्या शेवटी, वाटेत प्रत्येकाला हेच सांगत."