सासूबाई परत यायच्या आत

…घरघर ऐकून घाबरू नका ताई, ती यायलाच हवी, थांबली तर घाबरायचं. हात घाला आत, घाला बिनधास्त – लागली ना थंडी बोटांना? आणि लाईट येऊन अजून फार वेळ नाही झालेला. माझा नवरा शीतगृहांचा मेकॅनिक आहे, अपापाच्या बंदरावरची मासळीची निम्मी शीतगृहं रोतिमीच्या हाताखालून गेलीत, तो काय घरात खराब फ्रीजर ठेवेल? म्हणजे ठेवला होता, खरं सांगायचं तर वर्षभर ठेवला होता, लोकांचे दुरुस्त करून दमून यायचा आणि आमच्यात मी चादरी ठेवायचे – पण आता मागच्याच आठवड्यात नवीन गॅस भरलाय. तुमच्या धंद्याला एकदम बरोबर आहे हा. मासळी खाली, कोंबडी वर, असं लावा म्हणजे वास नाही लागत. उचलायला माणसं आणलीत ना? आणि व्हॅन कुठं उभीय? गेटसमोर? मग एक करा, ड्रायव्हरला जरा पुढं घ्यायला सांगा, त्या टायरवाल्याच्या छपराखाली. काही नाही, असंच. शेजारी बघतात. आणि सासूबाई चर्चमध्ये गेल्यात, बायकांची बुधवारची प्रार्थना असते, दुपारपर्यंत यायच्या नाहीत, पण कधीकधी पास्टरांचा घसा बसतो आणि लवकर सुटतं. त्या यायच्या आत हे धूड बाहेर पडलेलं बरं.

का विकताय म्हणजे – लिहिलं होतं ना जाहिरातीत, घर बदलतोय. जवळच. दोन गल्ल्या सोडून – तुम्ही हसताय. बरं, हसा. घर बदलणारं माणूस जनरेटर विकत नाही, या लागोसमध्ये तर नाहीच नाही, आणि जनरेटरचा तो रिकामा कोपरा तुम्ही आल्या आल्या पाहिलात, मी बघत होते तुमच्याकडं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं थोडंच. कॅनडा. हळू बोला. हो, कॅनडाच. टोरांटो नाही हो, सगळे तेच म्हणतात, जसं काही त्या देशात एकच गाव आहे. आम्ही सस्कॅचेवानला. म्हणून बघा एकदा – नाही ना जमत? मला महिना लागला. रोतिमी तर अजून ‘आपला तो प्रांत’ असंच म्हणतो, बायकोचं नाव घ्यायला लाजल्यासारखं. काय आहे तिथं म्हणाल तर गहू आहे आणि बर्फ आहे. आणि गंमत ऐका, तिथं त्यांना फ्रिजचे मेकॅनिक मिळत नाहीत. दार उघडं टाकलं तर घराचाच फ्रीजर होईल अशी थंडी, आणि हे महाशय निघालेत तिथं थंडी दुरुस्त करायला.

नाही, सोपं कुठलं. तो यंत्रं बघतो, कागद मी बघते – बँकेत होते ना मी, गेल्या महिन्यात नोकरी सोडली. आधी काम देणारी कंपनी हवी, मांस साठवणारी एक मिळाली. मग प्रांतानं म्हणायला हवं की हा कारागीर आम्हाला पाहिजे, आणि प्रांतानं मान हलवली की मग देश मान हलवणार. आणि इंग्रजीची परीक्षा! जन्मभर आम्ही शाळा इंग्रजीत, बँक इंग्रजीत, भांडणसुद्धा रंगात आलं की इंग्रजीत, आणि ते विचारतात, तुम्हाला इंग्रजी येतं का. रोतिमी पहिल्यांदा कमी पडला. का, तर विषय दिला होता – तुमच्या शहरातल्या एखाद्या शांत जागेचं वर्णन करा. आता लागोसमध्ये शांत जागा कुठली? गडी बसला विचार करत, वेळ संपला. दुसऱ्या खेपेला मी त्याला सांगितलं, नसली तरी बनव, शीतगृहाचं आतलं वर्णन कर. पास झाला.

थांबा. गेट वाजलं का? नाही, ते बाजूच्यांचं. आमच्या गेटला कडी आहे, त्याचा आवाज वेगळा. दोरखंड आणलाय का तुम्ही, की देऊ? आहे माझ्याकडं, तोही विकायचाच आहे – नाही, घ्या, तसाच घ्या.

कुणालाच सांगितलेलं नाही, नाही. तुम्हाला माहितीय की आपल्याकडची रीत, विमानाची चाकं जमिनीवरून सुटेपर्यंत तोंड उघडायचं नाही. दृष्ट म्हणा, काही म्हणा. समोर त्या हिरव्या घरात ओजोबाई राहतात. त्यांनी लंडनचा व्हिसा यायच्या आधीच आभाराची प्रार्थना घातली, मंडप काय, अख्ख्या गल्लीला भात-कोंबडी काय, सगळ्यांना एका रंगाचं कापड काय – आणि आठवड्यानं नकार आला. आता पोरं त्यांना बघून हाका मारतात, लंडनबाई, परत कधी आलात? तेव्हा आम्ही ठरवलं, तोंडाला कुलूप. पोरांना सांगितलं, बोललात तर इथंच ठेवून जाईन. देजी चार वर्षांचा आहे, त्यानं एक दिवस तोंडच उघडलं नाही, जेवायलासुद्धा. सिमीचं मात्र सांगता येत नाही, तिच्या पोटात पाणीसुद्धा राहत नाही.

सासूबाईंनाही नाही सांगितलं. तुम्ही असं बघू नका. आमच्या सासूबाईंना सांगणं म्हणजे माईकवर सांगणं, त्या प्रार्थनेत उभ्या राहून साक्ष देतात, परमेश्वरानं माझ्या लेकासाठी काय केलं ऐका – आणि मग नावानिशी, गावानिशी, विमान कंपनीनिशी. म्हणून नाही सांगितलं. हे पहिलं कारण, आणि पहिल्यांदा खरंच तेवढंच होतं.

मग व्हिसा आला. आता सांगायला काय हरकत होती? काही नव्हती. रोतिमी म्हणाला, तू सांग, तुझ्याशी त्या जास्त बोलतात. मी म्हटलं, आई तुझी आहे. तो म्हणाला, बायकांचं बायकांना जमतं. मी म्हटलं, वा, म्हणजे कागद मी, परीक्षेचा अभ्यास मी, आणि तुझ्या आईला टाकून चाललोय हेही मीच सांगू. टाकून हा शब्द माझ्या तोंडातून गेला. तसं काही नाही. टाकून वगैरे काही नाही. त्यांचं येणंच होत नाही हो – मी बघितलंय, शंभर वेळा बघितलंय. त्या लोकांच्या लेखी कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि पोरं, तिथं कुटुंब संपलं. आई त्यात बसत नाही. नंतर बोलवता येतं म्हणतात, तिकडं पाय रोवले की, पगार दाखवला की, नंबर लागला की. त्यांचं वय आता सत्तरीच्या पुढं. नंबर लागेपर्यंत… जाऊ दे.

तुम्हाला पाणी देऊ? पेला एकच उरलाय, पण स्वच्छ आहे. बसायला मात्र हे स्टूलच. सोफा सोमवारी गेला. सासूबाईंना सांगितलंय रंगकाम काढलंय, म्हणून सामान हलवतोय. दिवसभर त्या सोफ्यावर बसणारी बाई, संध्याकाळी येऊन बघते तर सोफा नाही, आणि काही बोलली नाही, चटई घातली आणि सिमीच्या वेण्या घालायला बसली. दोन्ही पोरं त्यांनीच वाढवलीत, ताई. मी सकाळी काळोखात घर सोडायचे, ट्रॅफिकमधून परत यायचे तोवर पोरं झोपलेली. देजीचा पहिला दात त्यांना दिसला, पहिलं पाऊल त्यांना दिसलं, मला सगळं सांगून कळलं. माझी आणि त्यांची भांडणं पण झालीत, नाही असं नाही, मिरचीवरून, मिठावरून, मी पाया पडताना गुडघे नीट टेकत नाही यावरून. पण मला बाळंतपणात ताप होता तेव्हा उशाशी कोण होतं?

प्रांताला आम्ही पत्र दिलंय. मीच लिहिलं, सुरेख लिहिलं, बँकेत शिकले ते सगळं वापरून लिहिलं. आम्ही तुमच्याकडंच राहू, दुसऱ्या प्रांतात पळणार नाही, पोरांना तिथंच वाढवू, तिथलेच होऊ. त्यांना तेच ऐकायचं असतं, कारण लोक येतात आणि टोरांटोला पळतात. जो प्रांत मी डोळ्यांनी पाहिला नाही त्याला मी लिहून दिलं, तुला सोडून जाणार नाही. आणि ज्या बाईनं माझी पोरं पाठीला बांधून वाढवली तिला सांगितलं, रंगकाम आहे.

उद्या त्यांना इबादानला पोचवायचं. लेक असते त्यांची तिथं, फुन्के. तिला माहितीय, तिनंही तोंड मिटलंय. थोड्या दिवसांसाठी जा म्हटलं, रंगाचा वास सोसत नाही तुम्हाला. आणि आम्ही शनिवारी निघायचं. विमानातून फोन – म्हणजे पोचल्यावर फोन. हा रोतिमीचा बेत. मी हो म्हटलं, म्हणजे माझाही झाला. मला वाटलं होतं त्या आढेवेढे घेतील, फुन्केच्या नवऱ्याशी त्यांचं पटत नाही, मागच्या खेपेला दोन दिवसांत परत आल्या होत्या. पण कसलं काय, लगेच तयार. बरंच झालं म्हणाल्या, फुन्केला एकदा डोळे भरून बघून येते. रोतिमी मला नंतर म्हणतो, बघ, देवानंच सोपं केलं. त्याला झोप लागते. मला नाही लागत.

ते? ते कपाट सासूबाईंचं. चांगलंय, इरोकोचं लाकूड आहे, आजकाल मिळत नाही असं. विकायचं तर आहेच, पण त्या गेल्यावर. शुक्रवारी या. बरं, या, बघून तर ठेवा, आत या, खोलीच आहे. दार जरा अडकतं, उचलून ओढायचं, असं. कप्पे बघा केवढे खोल. मागं हात घाला, पार मागं – काय? काय लागलं हाताला? पिशवी असेल एखादी, त्या काहीबाही जपून ठेवतात. काढा, काढा बाहेर.

हिला एवढं वजन का आहे?

गारी. कसाव्याच्या कंदाचा भाजका रवा, केवढा भरून ठेवलाय. सुकी कोळंबी. मिरचीपूड. ही पामतेलाची बाटली, आणि किती प्लॅस्टिकं गुंडाळलीत वर, सांडू नये म्हणून. इबादानला कोण नेतं गारी? इबादानला तर घरोघरी गारी. आणि हे काय, लोकर? टोपी आहे. बुधवारी बायका विणायला बसतात प्रार्थनेनंतर, मला वाटायचं इस्पितळातल्या बाळांसाठी विणतात. ही बाळाची नाही. ही देजीची दिसतेय, कान झाकायच्या पट्ट्या आहेत, त्याचा कान फुटतो ना, म्हणून. ही सिमीची, गोंडा आहे, तिला गोंडे आवडतात. ही रोतिमीची, दुसऱ्या कुणाचं डोकं एवढं आहे? ही माझी. वर जागा सोडलीय बघा, माझ्या वेण्या मावाव्यात म्हणून.

सिमीनं सांगितलं. सिमीनंच. कधी सांगितलं असेल? एवढ्या टोप्या काय चार दिवसांत होतात?

नाही ताई, टोप्या चारच नाहीत. अजून एक आहे खाली. द्या इकडं. हिरवी. मोठ्या माणसाची आहे. घातलेली पण दिसतेय, माप बघायला घातली असेल, आत एक पांढरा केस आहे.

फुन्केला डोळे भरून बघून येते म्हणाल्या. बघून येते. लेकीचा निरोप घ्यायला चालल्यात त्या. त्यांना वाटतंय आपण निरोप घेऊन यायचं आणि मग सगळ्यांनी मिळून… सोफा गेला तेव्हा म्हणून नाही बोलल्या. त्या वाट बघत होत्या, आम्ही कधी सांगतो त्याची. आनंदाची बातमी आहे, पोरं आपणहून सांगतील म्हणून गप्प बसल्या. माईकवरसुद्धा नाही बोलल्या. त्या बाईनं एवढे दिवस तोंडाला कुलूप लावलं.

बंद करा ते दार. नाही, नको, राहू दे उघडं. कपाट विकायचं नाही. शुक्रवारी पण नाही, मला काय विचारता कधी, नाही विकायचं म्हटलं ना. तुम्ही फ्रीजर घ्या आणि निघा. पैसे नंतर द्या, मोजत बसू नका आता. माणसांना बोलवा, उचलू दे त्यांना, भिंतीला घासला तर घासू दे.

ऐकलंत? ही आमची कडी. लवकर सुटलं आज. गातायत, प्रार्थनेहून येताना त्या कायम गातात.

मागच्या दारानं कुठं निघालात? पुढूनच जा. अंगणात भेटतील, गुडघे टेकून नमस्कार करा, त्यांना आवडतं, विचारतील तुम्ही कुणाच्या कोण, सांगा फ्रीजर घ्यायला आले होते. का विकला विचारलं तर – ते तुम्ही नका सांगू. ते मी सांगते. जा तुम्ही.