जास्तीचे दोन कप्पे

असान : घण ठेव खाली, एर्मेक. फोडायचाच असता तर भंगारवाला आणला असता. मला बॉयलरचे हे कप्पे अख्खे हवेत, माझ्या न्हाणीघरासाठी.

एर्मेक : असानकाका, सकाळपासून पाना लावतोय. एक नट हललेला नाही.

असान : रॉकेल मुरू दे. बिडाच्या बॉयलरशी सासूशी वागतो तसं वागावं. घाई केली की तडकतो.

बुरुल : कोणाची सासू तडकते, भावजी? जिन्यावर सगळं ऐकू येतं मला.

असान : तुमचं नाव नाही घेतलं, वहिनी.

बुरुल : घेऊन बघा. आणि अजून काही उचकटू नका, माझं तेल आत्ता तापलंय. आधी पिठाचे बोरसोक तळते. ह्यांच्यापर्यंत वास पोचू दे. आपला बॉयलर कोण काढतंय, हे कळायला नको त्यांना?

एर्मेक : आई, आज गुरुवार नाही. गेलेल्यांसाठी तळायचं ते गुरुवारी ना?

बुरुल : तू सुट्टीवर आलास तो गुरुवार बघून आलास का? मग गप्प बस.

(तळणाचा वास जिन्यावरून तळघरात उतरतो.)

असान : पोचला बघ. तुझ्या बापाला, जुमाशला कळलं. आता लाव पाना.

एर्मेक : हलला. काका, खरंच हलला.

असान : रॉकेल मुरलं. तुझ्या आईला मात्र हे सांगू नकोस, तिला तेलाचं श्रेय घेऊ दे.

बुरुल : हे घ्या, गरम आहेत. हात पुसा आधी, काजळी लागेल पिठाला. बाई बाई, उघडल्यावर तर आणखीच मोठा दिसतो. तीन खोल्यांच्या घराला केवढं हे धूड. अख्ख्या गल्लीत सगळ्यात जास्त कोळसा आमच्याकडे लागायचा. मी दर हिवाळ्यात भांडायची. हे म्हणायचे, बीड आहे, त्याची भूकच मोठी.

एर्मेक : काका, तीन खोल्यांना किती कप्पे लागतात?

असान : बोरसोक छान झालेत, वहिनी.

एर्मेक : काका.

असान : सहा लागतात.

एर्मेक : इथे दोन जास्त आहेत. आणि ह्या नळ्या बघा. बाकी सगळ्या वर जातात, ह्या दोन उत्तरेच्या भिंतीपाशी येऊन थांबल्यात. भिंतीबाहेर तर काहीच नाही.

बुरुल : काहीच कसं नाही? माझे बटाटे आहेत. ती जागा ह्यांनी जन्मभर मोकळी ठेवली, कांद्याचा वाफासुद्धा करू दिला नाही. ते गेल्यावर मी बटाटे लावले. तेही भीत भीत.

असान : आण ती करवत. नळ्या कापून मोकळं होऊ.

एर्मेक : थांबा. ह्यांच्या तोंडाला बूच आहे, आटे पाडून नीट बसवलेलं. पुढे काहीतरी जोडायचं म्हणूनच कोणी असं ठेवतं.

बुरुल : भावजी, इकडे बघा. बसवताना तुम्ही होतात ना?

असान : वहिनी, त्याने शपथ घातली होती.

बुरुल : घालणारे गेले, शपथ सुटली. आणि माझे बोरसोक खाऊन माझ्यापासूनच लपवता?

असान : एर्मेकची खोली व्हायची होती तिथे. धाकट्या मुलाने आईबापाच्या घरात राहायचं, बायको तिथेच आणायची, हे तर ठरलेलंच. तेव्हा हा शेंबडा, शाळेतून रडत यायचा. मी म्हटलं, खोलीचा पत्ता नाही आणि कप्पे कसले लावतोस? जुमाश म्हणाला, खोली केव्हाही बांधता येते, बॉयलर एकदाच बसतो.

बुरुल : आणि मला नाही सांगितलं.

असान : म्हणाला, तिला कळलं तर उद्यापासून सुनेसाठी रजया शिवायला बसेल.

बुरुल : रजया मी शिवल्याच. पेटीत पडल्यात.

एर्मेक : मला कोणी काही बोललं नाही. नोवोसिबिर्स्कला निघालो तेव्हा बाबा म्हणाले, हातमोजे घे. एवढंच.

असान : नंतर मी त्याच्या मागे लागलो होतो, पोराला बोलाव म्हणून. तर म्हणे, बोलावलं तर येईल, पण पाहुण्यासारखा बसेल. त्याचं तो येऊ दे. तोवर आपण कोळसा टाकत राहू.

बुरुल : म्हणजे नसलेल्या खोलीसाठी एवढा कोळसा जाळला आम्ही. आणि मी ह्या मुक्या बिचाऱ्याला शिव्या घातल्या. हसू नका, भावजी.

असान : तुम्हीच हसताय, वहिनी.

एर्मेक : बाबा नाही तर तू तरी म्हणायचंस, ये म्हणून.

बुरुल : तुझं काम तिकडे, मुलांची शाळा तिकडे. मी कशाला तुझ्या गळ्यात लोढणं बांधू?

एर्मेक : तुझी सून जिपार गेल्या हिवाळ्यापासून विचारतेय, घरी कधी जायचं. मीच म्हणायचो, आई बोलवत नाही, तिला एकटीची सवय झाली असेल.

बुरुल : कोंबड्यांशी बोलायची सवय झालीय मला. दुसरी कसली नाही.

असान : तुम्हा मायलेकांचं काय ते तुम्ही बघा. मला बाजारात फोन करायचाय, विजेचा नवा बॉयलर केवढा आणायचा ते कळवायला. तीन खोल्यांचा सांगतो.

एर्मेक : चार सांगा.

असान : नीट विचार कर. आज सांगितलं की दुकानदार परत घेत नाही.

एर्मेक : चार सांगा, काका. आणि त्या नळ्या कापू नका. सुट्टी संपेपर्यंत पाया तरी घालून जातो. तिकडे लोकांची घरं बांधतोच की. वसंतात मुलांची शाळा संपली की सगळे येतो.

असान : ऐकलंत, वहिनी? बोला काहीतरी. एरवी जिन्यावरून ओरडता.

बुरुल : काय बोलायचं त्यात. आधी बटाटे काढून घेते. बारकेच असतील अजून. चालतील.