शेलूला दिलेला पलंग

मी कडावचाच. बाप इथला, आजा इथला, भाताची शेती आन दोन म्हशी, दुसरं काय नाय. सुतार मी नाय, हे आधीच सांगतो, नायतर तुमी कुठंतरी बोलाल का कडावच्या सुतारानं सांगितलं, आन खरे सुतार येतील माझ्या अंगावर. पर हाताला लाकडाची खोड लहानपणापासनं. नांगर मोडला, गाडीचं जू फाटलं, का बसलोच मी घेऊन. बायको बोलायची, तुमाला माणसापरीस लाकूड बरं. अगदीच खोटं नाय बोलायची ती.

आता तुमी इचारताय का घरच्या घरी पलंग करायचाय, खोलता येणारा, तर जोडाला काय लावू. सांगतो की. पर काय सांगू तुमाला, जल्मात मी एकच पलंग केला, त्यो बी पोरीच्या आंदणाचा, तवा जोड सांगायचा तर पोरीचं बी सांगावं लागतं. येगळं करून मला सांगता येत नाय.

सुमन माझी एकुलती एक पोरगी. तिचं लगीन ठरलं शेलूला. जावई कारखान्यात कामाला, घर म्हंजे पुढं एक खोली, मागं एक खोली, आन दार एवढं अरुंद का भरला माणूस आडवा होऊन शिरंल. मी घर बघून आलो तवाच बायकोला बोललो, अख्खा पलंग ह्या दारातनं जायचा नाय, सुटे भाग नेऊन आतच जोडायला पायजे. आन आमच्यात आंदण म्हंजे नुसती दिल्या-घेतल्याची वस्तू नाय. पोरीचं आंदण सासरी हाय तवर ती त्या घरची सून. भांडून माहेरी आली तरी सूनच, आज ना उद्या जाईल. पर ज्या दिवशी आंदण परत येतं, त्या दिवशी संपलं, मग गावाला येगळं सांगावं लागत नाय. म्हणून मी ठरवलं, असा पलंग करायचा का हलता कामा नये.

पयली मनात आली पाचर. म्हंजे फळीचं टोक बारीक करून पायाच्या भोकातनं आरपार काढायचं आन बाहेरनं लाकडाची पाचर ठोकायची, जुन्या लोकांची तीच रीत. पर आपल्याकडचा पाऊस तुमाला ठाऊक हाय, श्रावणात लाकूड फुगतं तवा पाचर घणानं बी निघत नाय, आन चैतात तीच पाचर आपसूक खाली पडते. मग कर्जतला दुकानात हूक बघितले, पत्र्याचे, एक पट्टी पायाला, एक फळीला, वरनं अडकवलं का झालं काम. दुकानदार बोलला, सगळे हेच नेतात. मी त्याच्यासमोर हूक दोन बोटांत धरून वाकवून दाखवला, तर बोलतो कसा, काका, घ्यायचं नसंल तर नका घेऊ, माल कशाला खराब करता.

शेवटी खोपोलीला भंगारवाल्याकडं गेलो. तिथं जुन्या यंत्राचे बोल्ट मिळाले, अंगठ्याएवढे जाड, आटे नव्यासारखे. तेच लावले. आन हे नीट ऐका, कारण सगळे इथंच चुकतात. नुसत्या बोल्टावर वजन टाकायचं नाय. बोल्टाच्या दोनी बाजूला लाकडाच्या जाड खुंट्या द्यायच्या, वजन खुंट्यांनी घ्यायचं, बोल्टानं फकस्त आवळून धरायचं. बोल्टाची डोकी मी लाकडात चांगली खोल बुडवली, का पोरीची साडी अडकून फाटू नये. तर एवढी खोल बुडाली का बाजारातला पान्हा तिथं पोचंना. मग लोहाराकडनं नळीचा पान्हा करून घेतला, एकच, आन बोळवणीच्या वक्ताला सुमनच्या हातात दिला. बोललो, पावसाळा सरला का लाकूड सुकतं, तवा दर वर्साला थोडं आवळत जा गं.

बरीच वर्सं बरी गेली. पोरबाळ झालं नाय. मग जावयानं दुसरी आणली. आणली म्हंजे आणली, कोणाला इचारलं नाय, पुसलं नाय. एक दिवस व्याही आला, चहा घेतला, भाताचं कसं काय इचारलं, आन हळूच बोलला, त्या पलंगाचा पान्हा तुमच्याकडं दुसरा असंल ना. मी बोललो, एकच केला व्हता, त्यो सुमनकडं हाय. त्यो बोलला, ती बोलते हरवला. त्याला पलंग खोलून रीतीनं आंदण परत धाडायचं व्हतं, आन पलंग खोलल्याबिगर दारातनं निघत नव्हता.

मी गेलो शेलूला. दुसरी चुलीपाशी, आन माझी पोरगी पलंगावर बसून तांदूळ निवडत व्हती. मी बोललो, चल गं घरी. ती बोलली, बाबा, पलंग हाय तवर मी हाय. मी आता काय करणार व्हतो, तुमी सांगा. तिला ओढून आणली तर मीच तिचा संसार मोडला असता. ऱ्हा बोलावं, तर काय बघायला ऱ्हा बोलू. दोनी तोंडांनी वाईट. पाणी पिऊन परत आलो. बायको इचारायला लागली, काय बोलली, काय बोलली, मी बोललो, बरी हाय.

मग भाताच्या झोडणीच्या दिवसांत खळ्यावर व्हतो तर टेंपो आला. मागं पलंगाच्या फळ्या, पुढं डायवरशेजारी सुमन. त्यांनी करवत लावली व्हती. चारी फळ्या पायापासनं वीतभर सोडून कापलेल्या. मी हात लावून बघितला, कोपऱ्याचा जोड जागचा हलला नव्हता, फळीचा तुकडा पायाला तसाच घट्ट. बोल्ट चांगलेच निवडले व्हते मी, पर त्याचं आता काय करायचं. खळ्यावरची माणसं दुसरीकडं बघायला लागली. माझी म्हातारी खाली बसली ती कोणी उठवली तरी उठंना.

सुमन हितंच असते आता. म्हशी तीच बघते, दूध कर्जतला घालते. मी बोललो व्हतो, नव्या फळ्या टाकून पलंग उभा करतो. ती बोलली, नको बाबा, चुलीत घाला. पुढच्या पावसाळ्यात अंघोळीचं पाणी त्याच्यावरच तापलं. सागाचं लाकूड, मी मोरीकडं फिरकत नव्हतो.

तुमी बोल्टच लावा, आन खुंट्या इसरू नका. तुमची माणसं त्याच्यावर सुखानं निजोत, एवढंच मागणं हाय माझं देवाकडं.

एकदा तिला इचारलं मी, करवत चालली व्हती तवा तू कुठं व्हतीस गं. ती धार काढत व्हती, मान वर केली नाय. बोलली, मी फळीचं टोक धरून उभी व्हते बाबा, सोडलं असतं तर शेवटाला फळी चिरली असती. माझ्याकडंच शिकलेली ती. मी दुधाची बादली उचलून आत नेली.